चोवीस काडीकिड्यांची गोष्ट

काडीकिडा पाळणे सोपे, असे आपण सहसा समजतो. उंच जाळीची पेटी, ताजा पाला आणि थोडा ओलावा मिळाला की तो निमूट वाढतो. अनेक जातींत तर नराशिवायही मादीच्या अंड्यांतून पिले निघतात. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा, मूळचा दक्षिण भारतातला काडीकिडा याच प्रकारचा. मात्र प्रत्येक जातीचे असे नसते.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे 600 किलोमीटरवर लॉर्ड हाउ हे लहानसे बेट आहे. तेथे हाताएवढा लांब, बिनपंखी, काळपट काडीकिडा पूर्वी भरपूर होता. जून 1918 मध्ये 'मकाम्बो' हे जहाज बेटाच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातून उंदीर उतरले. अवघ्या काही वर्षांत काडीकिडा दिसेनासा झाला. तो नामशेष झाला, असेच सर्वांनी धरले.

या बेटापासून 23 किलोमीटरवर 'बॉल्स पिरॅमिड' हा समुद्रातून सरळ वर आलेला, साडेपाचशे मीटर उंचीचा सुळका आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये शास्त्रज्ञांना तेथील एका झुडपाखाली मोठ्या किड्याच्या ताज्या लेंड्या दिसल्या. काडीकिडे रात्री बाहेर पडतात, म्हणून ते अंधारात बॅटरी घेऊन पुन्हा वर चढले. किडे तेथे होते! पुढे मोजदाद झाली, ती जेमतेम 24 भरली.

2003 मध्ये त्यांतल्या फक्त दोन जोड्या खाली आणल्या गेल्या. सिडनीची जोडी थोड्याच दिवसांत मेली. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयातली मादीही आजारी पडली. तिथले पॅट्रिक होनन यांनी कॅल्शियम आणि मकरंद यांचे मिश्रण तयार करून तिला थेंबथेंब भरवले. मादी वाचली. सप्टेंबर 2003 मध्ये पहिली अंडी उबली.

खरा प्रश्न खाण्याचा होता. सुळक्यावर हे किडे मेलाल्यूका या प्रजातीतल्या झुडपावर राहत होते. आपल्याकडे परिचित असलेले कायापुटीचे तेल याच प्रजातीतल्या झाडांपासून मिळते. सुरुवातीला त्यांना तोच पाला दिला गेला. पुढे हळूहळू इतर झाडांची पानेही ते खातात असे दिसून आले, आणि पाळणे सोपे झाले. दुसरी गोष्ट अंड्यांची. मादी पोट मातीत खुपसून अंडी घालते आणि ती उबायला महिनोन् महिने लागतात. पेटीतली माती कचरा समजून फेकली, तर पुढची पिढीच फेकली जाते!

मेलबर्नमध्ये पुढे हजारो पिले जन्मली आणि अंडी इतर देशांतल्या प्राणिसंग्रहालयांतही पाठवली गेली. का? सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवायची नाहीत म्हणून. शिवाय एकाच जोडीपासून वाढलेल्या वंशात दोष साठत जातात. त्यासाठी 2017 मध्ये सुळक्यावरून आणखी एक मादी आणली गेली. त्याच वर्षी संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी डीएनए ताडून पाहिल्यावर हा किडा लॉर्ड हाउचाच, हे सिद्ध झाले. 2019 मध्ये त्या बेटावर उंदीर-निर्मूलनाची मोठी मोहीम झाली. उंदीर परत आले, तर प्राणिसंग्रहालयात वाढवलेल्या किड्यांचे घर पुन्हा गेलेच.

वर्गात आपल्याला काय करता येईल? शाळेच्या आवारात काडीकिडा सापडला, तर आधी तो कोणत्या झाडावर होता हे लिहून ठेवा आणि त्याच झाडाची ताजी डहाळी द्या. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवून बाटलीच्या तोंडाशी कापूस दाबा, नाहीतर पिले पाण्यात बुडतात. पेटीची उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, कारण कात टाकताना तो उलटा लटकतो. बियांसारखी दिसणारी अंडी लेंड्यांतून वेचून तारखेसह वेगळी ठेवा. निरीक्षण संपले की किडा त्याच झाडावर सोडा. दुसऱ्या गावातून आणलेला किडा किंवा त्याची पिले मात्र आपल्या गावात सोडू नका. परका प्राणी नव्या जागी काय करतो, हे लॉर्ड हाउने उंदरांच्या बाबतीत पाहिले आहे.

बॉल्स पिरॅमिडवरच्या त्या किड्यांचा माग लागला तो एका झुडपाखालच्या लेंड्यांवरून. झाडाखाली वाकून पाहणे आणि पाहिलेले वहीत टिपून ठेवणे आपल्या विद्यार्थ्यांनाही सहज जमेल.