हाडांच्या गोळ्या : घ्याव्यात की न घ्याव्यात?

गेल्या पावसाळ्यात भालकी तालुक्यातील एका खेड्यातून बहात्तर वर्षांच्या आजी मुलासोबत माझ्याकडे आल्या होत्या. पाठीला बाक आलेला, उंची कमी झालेली. "दोन वर्षांमागं हंडा उचलताना कमरेत उसण भरली होती, आपसूक गेली," एवढेच त्यांचे म्हणणे. क्ष-किरण चित्रात बारावा मणका पाचरीसारखा दबलेला दिसला. ती उसण नव्हती, तो अस्थिभंग होता. सोबत हैदराबादचा डेक्सा अहवाल होता आणि आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या गोळ्यांचे न फोडलेले पाकीट होते. या गोळ्यांनी जबडा सडतो, असे शेजारणीने सांगितल्यामुळे ते तसेच राहिले होते. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, घ्यायच्या की नाही, तेवढं सांगा."

या प्रश्नाला आपण व्यवसायबंधू बहुधा अहवालातील आकड्याने उत्तर देतो. उणे 2.5 ही ऑस्टिओपोरोसिसची रेषा जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये आखली. रेषेच्या खाली गेला त्याला औषध, असा सोपा हिशेब त्यातून रूढ झाला. या आजींचा खुब्याचा आकडा उणे 2.7 होता, कमरेच्या मणक्यांचा मात्र केवळ उणे 1.1. म्हणजे मणका भक्कम समजावयाचा काय?

येथे आपल्या भागाचे पाणी आडवे येते. कलबुर्गी जिल्ह्यातील आणि आसपासच्या अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम या कमाल मर्यादेहून अधिक आढळते. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायलेले हाड यंत्रावर घनदाट दिसते, पण ते बळकट असतेच असे नाही. एके काळी फ्लोराइड हेच या विकारावरचे औषध म्हणून वापरून पाहिले गेले. 1990 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याचा निकाल प्रसिद्ध केला. चार वर्षांत मणक्यांची घनता 35 टक्के वाढली, तरी मणके मोडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, आणि इतर हाडे मोडण्याचे प्रमाण उलट वाढले. म्हणून आपल्याकडील वृद्धांचा कमरेचा आकडा चांगला आला, तर मी हरखून जात नाही. वार्धक्यातील मणक्यांची झीज आणि त्यावर वाढलेले हाडांचे काटेही तो आकडा फुगवतात. मोडलेला मणका मात्र खोटे बोलत नाही.

आता औषधाचे माप पाहू. पूर्वी मणका मोडलेल्या सुमारे दोन हजार स्त्रियांवर ॲलेन्ड्रोनेटची तीन वर्षे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाविना शंभरातील 15 जणींचा नवा मणका मोडला, औषधाने 8 जणींचा. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण 2.2 वरून 1.1 टक्क्यांवर आले. जाहिरातीत याला "धोका निम्मा" म्हणतात, ते खोटे नाही. पण शंभरातील सात जणींचा मणका आणि एकीचा खुबा वाचला, असे सांगितले म्हणजे घरच्यांना विचार करता येतो. खुबा मोडलेल्या वृद्धेची अंथरुणावरची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती एकही थोडी वाटत नाही.

जबड्याच्या विकाराची पहिली वृत्ते 2003 मधली. त्यांतील बहुतेक रुग्ण कर्करोगाचे होते आणि त्यांना शिरेतून मोठ्या मात्रा मिळत होत्या. साप्ताहिक गोळीने हा विकार क्वचितच होतो. दात काढावयाचे असल्यास आधी काढून घ्यावेत, हे बरे. दीर्घकाळ औषध घेतल्यास मांडीचे हाड विचित्र रीतीने मोडते, तेही विरळाच. पण येथे एक कबुली देतो. एका बाईंना मी आठ वर्षे तीच चिठ्ठी लिहून देत राहिलो, थांबावयाचे केव्हा याचा विचारच केला नाही. मांडी दुखते असे त्या म्हणाल्या, तेव्हा जाग आली. गोळ्या पाच वर्षांनी थांबवून पुन्हा आढावा घ्यावा, धोका मोठा असेल तरच पुढे चालवाव्यात. वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाचे झोलेड्रोनिक ॲसिड असेल, तर हा आढावा तीन वर्षांनी. सहा महिन्यांच्या डेनोसुमॅबचे मात्र उलटे आहे. ते मध्येच सोडले तर मणके भराभर मोडू शकतात, म्हणून नेमाने येऊ न शकणाऱ्या रुग्णाला ते सुरू करण्यास मी धजत नाही.

याच महिन्यात एकसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. आकडा उणे 2.6, अस्थिभंग एकही नाही, चालणे दमदार. त्यांना गोळी नको होती. मी आग्रह धरला नाही, दोन वर्षांनी पुन्हा तपासणी ठरवली. काही सहकारी याला हलगर्जीपणा म्हणतील.

आजींचे तसे नव्हते. मूत्रपिंडाची तपासणी ठीक निघाली. ड जीवनसत्त्व फार कमी होते, ते आधी भरून काढले. ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम थोडे, म्हणून दूध, तीळ आणि नाचणी सांगितली. पण मोडलेल्या मणक्याला केवळ आहार पुरत नाही, हेही सांगितले. घरातील गुळगुळीत शहाबादी फरशी, ओली मोरी आणि डोळ्यातला मोतीबिंदू यांवर गोळीइतकाच वेळ बोललो.

मग गोळीची रीत सांगितली. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावयाची. नंतर अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, चहाही नाही. गिळताना छातीत जळजळ झाली, तर थांबून मला कळवावयाचे. मी शंभरातल्या पंधरा आणि आठ जणींचा हिशेब बोटांवर मांडला. आजींनी विचारले, "किती वर्सं?" पाच, मग पुन्हा बघू, असे मी म्हणालो. त्यांनी मुलाकडे पाहिले नाही. म्हणाल्या, "सोमवार धरते. त्या दिवशी उपास असतोय, चहा बी देवपूजा झाल्यावरच घेते."