साठ लाखांपुढे अठ्ठावीस हजार

सेकंदाला एक नाव, या वेगानं वाचायला बसा. नाझींनी मारलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंची नावं रात्रंदिवस वाचली तरी ६९ दिवस पुरायचे नाहीत. ज्यूंना वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या इतरधर्मीयांची यादी इस्रायलची ‘याद वाशेम’ ही संस्था ठेवते. तीत २८ हजारांहून थोडी जास्त नावं आहेत. ती आठ तासांत वाचून होतील.

आकडा फारच तोकडा वाटतो. पण माणूस लपवायला काय काय लागायचं, याचा हिशेब मांडून पाहा.

ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँकच्या कुटुंबासह आठ जण एका कचेरीच्या मागच्या भागात दडले होते. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात दोन वेळचं जेवण धरलं, तरी १२ हजारांच्या घरात ताटं होतात. सगळं रेशनवर, आणि लपलेल्याला कुपन मागायची सोय नाही. कचेरीतल्या मीप गीस आणि बेप व्हॉस्काउल सामान आणायच्या. मीपचे पती चोरून कुपनं मिळवायचे. दार झाकणारं पुस्तकांचं कपाट बेपच्या वडिलांनी बनवलं. कचेरीतलेच कुग्लर आणि क्लाइमन धंदा सांभाळायचे. आठ जीवांमागे असे सहा जण. भाजी ज्याच्याकडून यायची, त्यालाही मे १९४४मध्ये अटक झाली. त्यानं स्वतःच्या घरी दोन ज्यू लपवले होते.

ऑक्टोबर १९४३मध्ये डेन्मार्कमधून सुमारे ७,२०० ज्यू होड्यांमधून स्वीडनला पोचले. त्यामागे किती कोळी, डॉक्टर, शेजारी असतील! पण तिथल्या भूमिगत चळवळीनं आपली नोंद एकत्रच व्हावी असं सांगितलं. त्यामुळे यादीतल्या आकड्यावरून माणसं मोजता येत नाहीत.

नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये ज्यूंना आसरा देण्याची शिक्षा मृत्यू होती. २४ मार्च १९४४ रोजी मार्कोवा गावात युझेफ आणि गरोदर व्हिक्टोरिया उल्मा, त्यांची सहा मुलं आणि त्यांनी लपवलेले आठ ज्यू, सगळ्यांना गोळ्या घातल्या. हे कळल्यावर गावातल्या इतर घरांनी आपल्याकडच्या ज्यूंना बाहेर काढलं असतं, तर त्यांना दोष देणं कठीण होतं. तरीही त्याच गावात सुमारे २० ज्यू नाझींचा ताबा संपेपर्यंत जगले. त्यांना दडवणाऱ्या प्रत्येक घरानं उल्मांचं काय झालं हे माहीत असताना दुसऱ्या दिवशीही ताट वाढलं.