वाडा विकताना : इंदूरच्या मराठी घरांतले समज आणि रीती

1818 साली मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. सरदार, कारकून, पुजारी, वैद्य अशी कितीतरी मराठी कुटुंबं राजवाड्याच्या आसपास राहू लागली. पुढे रामबाग, नारायणबाग या भागांतही मराठी वस्ती वाढली. त्यांचे जुने वाडे आता एकेक करून विकले जात आहेत. घर बांधताना काय करायचं ते पोथीत मिळतं : भूमिपूजन, वास्तुशांती, गृहप्रवेश. घर विकताना काय करायचं हे मात्र बहुतेक तोंडीच चालत आलंय. वाडे गेले की या गोष्टीही जातील, म्हणून त्या इथे एकत्र मांडल्या आहेत. त्यांतल्या काही माणसाला घरातून नीट निघायला मदत करतात, तर काही घरच्याच माणसाचं नुकसान करतात. हा फरक लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

वास्तुपुरुष ऐकतो

मत्स्यपुराणातली कथा अशी की, अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक प्रचंड पुरुष उत्पन्न झाला, देवांनी त्याला जमिनीवर पालथा दाबून धरला आणि तोच वास्तुपुरुष. वास्तुशांतीच्या वेळी त्याची छोटी प्रतिमा घरात पुरतात, आपल्याकडे बहुधा आग्नेय कोपऱ्यात. तो सारखा ‘तथास्तु’ म्हणत असतो, म्हणून घरात वाईट बोलू नये, हे आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेलं आहे.

विक्रीच्या वेळी या समजुतीची अडचण होते. घर विकायचं हे घरातच कसं बोलायचं? म्हणून जुनी माणसं हा विषय ओसरीवर, नाहीतर बाहेर कुठेतरी काढत. ‘विकायचंय’ असं न म्हणता ‘वाड्याचं काहीतरी बघायला हवं’ असं म्हणत. यात एक व्यवहारही होता. भिंतीपलीकडे भाडेकरू, अंगणात चुलतभाऊ. बोलणं पक्कं होण्याआधी बाहेर फुटलं तर सौदा बिघडणारच.

मग पुरलेल्या प्रतिमेचं काय? रीत अशी की ती उकरून न्यायची नाही, ती त्या जागेची. देव्हाऱ्यातले देव, कुलदेवतेचे टाक आणि समई हे मात्र घराण्याचे, ते आपल्याबरोबर जातात. कोणती गोष्ट जागेची आणि कोणती माणसांची, याची ही वाटणी कुठल्याही खरेदीखतात लिहिलेली नसते, पण मराठी घरांत ती सगळ्यांना माहीत असते.

दोन पंचांगं, एक सौदा

पुण्या-साताऱ्याकडे विकणारा आणि घेणारा बहुधा एकच पंचांग पाहतात. इंदुरात तसं नाही. विकणारा मराठी, घेणारा माळव्यातला किंवा मारवाडी, असं पुष्कळदा असतं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून आपण ज्याला भाद्रपद वद्य पक्ष म्हणतो, तो त्यांच्या पंचांगात आश्विनाचा पहिला पंधरवडा. दिवस तेच, नाव वेगळं. या पितृपक्षात दोन्हीकडची मंडळी व्यवहार टाळतात, तेव्हा तिथे भांडण नाही.

खरी गंमत खरमासाची. सूर्य धनू राशीत असतो तो महिना, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, आणि मीन राशीत असतो तो, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. उत्तरेकडची बरीच घरं या काळात नवीन घर घेत नाहीत. आणि आपला गुढीपाडवा? ज्या चांद्र महिन्यात सूर्य मेषेत जातो तो चैत्र, त्यामुळे त्या महिन्याचा पहिला दिवस सूर्य मीनेत असतानाच येतो. म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला आपला पहिला मुहूर्त हा कडक नेम पाळणाऱ्या खरेदीदाराच्या खरमासात पडतो! मग सौदा अक्षय्य तृतीयेला ढकलला जातो, कारण ती दोघांनाही चालते. गुरुपुष्यावरही दोघांचं एकमत होतं.

त्यात अधिक महिना आला की आणखी थांबा. चातुर्मासात गृहप्रवेश नको म्हणणारेही असतात. सगळं पाळायचं म्हटलं तर वर्षातले थोडेच महिने हाती उरतात.

विसार, बयाना आणि वरचा एक रुपया

आपण ज्याला विसार किंवा इसार म्हणतो, त्याला इथे बयाना म्हणतात. रक्कम कितीही असो, वर एक रुपया हवाच : 501, 1,001, 11,001. शून्यावर व्यवहार संपतो, एकावर तो पुढे चालू राहतो, असं त्याचं कारण सांगतात. दिवेलागणीनंतर पैसे द्यायचे नाहीत, हाही नियम. अंधारात नोटा मोजण्यापेक्षा तो बराच म्हणायचा.

पण वरच्या रुपयाने सौदा पक्का होतो ही समजूत महाग पडू शकते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. बयान्याच्या चिठ्ठीने घराची मालकी बदलत नाही. ती बदलते रजिस्ट्री झाल्यावर.

घर विकलं जावं म्हणून

गिऱ्हाईक येतं, बघतं आणि परत येत नाही, असं चार-सहा वेळा झालं की टोटके सुरू होतात. दारावर लिंबू-मिरची, उंबऱ्याला हळदकुंकू, कोपऱ्यात मिठाची वाटी. इंदूरची खास गोष्ट म्हणजे खजराना गणपती. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून नवस बोलायचा आणि इच्छा पूर्ण झाली की जाऊन सुलटा काढायचा. लग्न, नोकरी, मूल यांच्याबरोबर अडलेलं घरही या नवसात असतं.

असं करणारे आपण एकटे नाही. अमेरिकेत घर विकलं जावं म्हणून सेंट जोसेफची लहानशी मूर्ती अंगणात डोकं खाली करून पुरतात आणि विक्री झाली की काढून नव्या घरात मानाने ठेवतात. देवाला थोडं अडचणीत ठेवलं की तो लवकर लक्ष घालतो, ही कल्पना दोन्हीकडे दिसते.

‘तो वाडा लाभत नाही’

इथवरच्या गोष्टी निरुपद्रवी आहेत. ही तशी नाही. घरात कोणी अकाली गेलं, भिंतीत पिंपळ उगवला, मागे जुनी विहीर आहे, एवढ्यावरून वाड्याला नाव पडतं. मागच्या बाजूला निमुळती होत गेलेली जागा शेरमुखी, ती दुकानाला चालेल पण राहायला नको, असंही सांगतात. वास्तुशास्त्राचा सल्ला विकत मिळू लागल्यापासून या बोलण्याला नकाशाही जोडला जातो. घेणारा तेच पुढे करून भाव पाडतो, आणि वाड्यात एकटी राहणारी म्हातारी काकू नाइलाजाने कबूल होते. पिंपळाची मुळं भिंत फोडतात हे खरं आहे, पण तो दुरुस्तीचा खर्च झाला. तेवढाच किमतीतून वजा व्हावा.

दुसरी समजूत बहिणींसाठी राखलेली असते : माहेरच्या घरातला हिस्सा घेतला तर तो लाभत नाही. साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यायची पद्धत यातूनच टिकली आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. स्वखुशीने सोडला तर गोष्ट वेगळी, पण भीती घालून घेतलेली सही स्वखुशीची कशी म्हणायची?

खरं तर वाडे अडतात ते बहुतेक वेळा सह्यांमुळे. आजोबांच्या नावावरचा वाडा, चार मुलं, त्या प्रत्येकाची तीन अपत्यं धरली तर बारा सह्या. त्यांतला एक पुण्यात, एक परदेशात, एकाशी बोलणं बंद. मुहूर्तासाठी दोन वर्षं थांबलात आणि एखादा वारस गेला, तर एका सहीच्या जागी आणखी तीन लागतात. हा गुंता पंचांगात दिसत नाही.

निघताना

शेवटच्या दिवशी देवांपुढे दहीभाताचा नैवेद्य, तुळशीला पाणी, उंबऱ्यावर हळदकुंकू. देव आधी बाहेर पडतात, माणसं मागून. घर अगदी काळोखात सोडू नये म्हणून एक पणती. याला खर्च फारसा नाही, आणि जिथे चार पिढ्या जन्मल्या त्या जागेला नमस्कार करायला एक निमित्त मिळतं. या रीती जरूर पाळाव्यात.

एकच गोष्ट थांबवायला हवी. घर रिकामं करताना जुन्या तसबिरींबरोबर पोथ्या आणि कागदांची गाठोडीही नर्मदेत सोडली जातात. पायदळी येऊ नयेत, रद्दीत जाऊ नयेत, ही भावना चांगलीच आहे. पण त्या गाठोड्यांत मोडीतले हिशेब, पत्रं, एखादी सनद असू शकते, आणि आज घरात मोडी वाचणारं कोणी नसल्यामुळे ते कळतही नाही. पाण्यात गेलेला रुमाल परत मिळत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी वाड्याचं ‘काहीतरी बघायचं’ चाललं असेल, त्यांनी सामान हलवण्याआधी कागद मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत, देव्हाऱ्याचे आणि वृंदावनाचे फोटो काढावेत, आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारून घ्यावं की या घरात काय काय पाळलं जायचं. हे काम मात्र मुहूर्त न बघता करावं.