‘व्हिसा’ म्हणजे ‘पाहिलेले’

‘व्हिसा’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. इंग्रजीने तो फ्रेंचमधून घेतला, पण मूळ लॅटिन. ‘कार्ता व्हिसा’ म्हणजे पाहिलेला, तपासलेला कागद. अधिकाऱ्याने प्रवाशाची कागदपत्रे डोळ्यांखालून घातली की तसा शेरा मारायचा. पुढे ‘कार्ता’ गळून पडले आणि नुसते ‘पाहिलेले’ उरले!

यातले ‘व्हिदेरे’ म्हणजे ‘पाहणे’ हे लॅटिन क्रियापद मला फार आवडते. ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हिजन’ त्याचीच लेकरे. संस्कृतातला ‘विद्’, म्हणजे जाणणे, हाही त्याच प्राचीन मुळाचा. म्हणून वेद, विद्या, विद्वान हे सगळे व्हिसाचे भाऊबंद ठरतात. दूतावासाबाहेरच्या रांगेत हे कुणाच्या मनात येत असेल?

मराठेशाहीच्या कागदांत वाटेच्या परवान्याला ‘दस्तक’ म्हणत. तो फारसी शब्द, ‘दस्त’ म्हणजे हात यावरून आलेला. एकीकडे डोळा, एकीकडे हात; दोन्ही नावे मला तितकीच बोलकी वाटतात.

आणखी एक. व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश पक्का, असे बरेच जण धरून चालतात. तसे नसते. बहुतेक देशांत शेवटचा निर्णय विमानतळावरचा किंवा सीमेवरचा अधिकारी घेतो. त्यामुळे परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे कागद हातातल्या पिशवीतच ठेवा.