संख्यात्मक प्रश्नांची उकल : एकक, नियम, गृहीत आणि पडताळा

पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी आकडेमोडीत सहसा कच्चा नसतो. समीकरण मांडून दिले तर तो ते सोडवितो, सूत्र सांगितले तर त्यात किमती घालून उत्तर काढतो. त्याची अडचण निराळ्याच ठिकाणी असते. पाठ्यपुस्तकात प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या उदाहरणास कोणते सूत्र लावावयाचे हे प्रकरणाच्या मथळ्यानेच सांगून टाकलेले असते. मथळा नसलेला प्रश्न रसायनशाळेतून, दवाखान्यातून, उत्खननाच्या जागेवरून किंवा न्यायालयातून समोर आला, की हा आधार नाहीसा होतो. अशा प्रसंगी होणाऱ्या चुका पाहिल्या, तर त्यांतील फार थोड्या गुणाकार-भागाकाराच्या असतात. बहुतेक चुका आकडेमोड सुरू होण्यापूर्वी किंवा ती संपल्यानंतर झालेल्या असतात. भिन्न विषयांतील चार उदाहरणांच्या आधारे या चुकांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एककाचा प्रश्न

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेल्या बोइंग ७६७ विमानातील इंधन ४१,००० फूट उंचीवर असताना संपले. दोन्ही एंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते अवजड विमान घसरत्या उड्डाणाने गिम्ली येथील जुन्या विमानतळावर उतरविले, म्हणून विमानातील ६९ माणसांचे प्राण वाचले. या घटनेच्या मुळाशी शाळकरी स्वरूपाचे एक त्रैराशिक होते.

प्रवासास २२,३०० किलोग्रॅम इंधन आवश्यक होते. इंधनमापक बिघडलेले असल्यामुळे टाक्यांत पट्टी घालून मोजणी झाली. ७,६८२ लिटर इंधन शिल्लक असल्याचे आढळले. लिटरचे वजनात रूपांतर करण्यासाठी १.७७ हा गुणक वापरण्यात आला. ७,६८२ ला १.७७ ने गुणून १३,५९७ आले, ते २२,३०० मधून वजा जाता ८,७०३ उरले, त्यास १.७७ ने भागून ४,९१७ लिटर इंधन भरावयाचे ठरले. आकडेमोडीत एकही चूक नाही. परंतु १.७७ हा एका लिटरचा पौंडांतील भार होता. किलोग्रॅममधील गुणक ०.८०३ आहे. तो घेतला असता शिलकीचे वजन ६,१६९ किलोग्रॅम आणि भरावयाचे इंधन सुमारे २०,०९० लिटर आले असते. प्रत्यक्षात विमान उडाले तेव्हा टाक्यांत सुमारे १०,१०० किलोग्रॅम, म्हणजे आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन होते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही चूक पकडण्यास कोणतेही कोष्टक लागत नव्हते. विमानाचे इंधन रॉकेलच्या जातीचे असते, आणि रॉकेल पाण्यावर तरंगते हे सर्वांस ठाऊक आहे. पाण्याच्या एका लिटरचे वजन सुमारे एक किलोग्रॅम असते. तेव्हा रॉकेलच्या लिटरचे वजन एक किलोग्रॅमहून कमीच असले पाहिजे. म्हणजेच १.७७ ही संख्या किलोग्रॅममधील असणे शक्यच नाही. संख्येपुढे एकक लिहिणे ही केवळ टापटिपीची बाब नव्हे. १.७७ च्या पुढे ‘पौंड प्रति लिटर’ असे लिहिले असते, तर किलोग्रॅममधून पौंड वजा करण्याची क्रिया कागदावरच अडली असती.

२. नियमाचा प्रश्न

एकके जुळली तरी कोणता नियम लावावयाचा हा प्रश्न उरतोच. अनेक विषयांत ऱ्हासाचे एकच गणित पुन्हा पुन्हा भेटते. एखादी राशी ज्या वेगाने घटते तो वेग त्या राशीच्या शिल्लक प्रमाणावर अवलंबून असेल, तर ठराविक कालावधीत ती निम्मी होत जाते. किरणोत्सर्गी कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे आहे. उत्खननात सापडलेल्या कोळशात मूळच्या कार्बन-१४ पैकी ७५ टक्के शिल्लक असेल, तर त्याचे वय या नियमानुसार सुमारे २,३८० वर्षे येते. हेच गणित औषधशास्त्रात येते. रक्तातील औषधाचे अर्धायुष्य ६ तास असल्यास ४०० मिलिग्रॅमच्या मात्रेपैकी २४ तासांनंतर २५ मिलिग्रॅम उरते.

मात्र घटणारी प्रत्येक राशी या नियमाने घटत नाही. मद्यार्काचे रक्तातील प्रमाण अगदी अल्प नसेल तेव्हा त्याचे विघटन करणारी विकरे पूर्णपणे गुंतलेली असतात. त्यामुळे दर तासाला जवळजवळ सारखेच मद्यार्क नाहीसे होते. येथे ऱ्हास सरळ रेषेने होतो. समजा, एखाद्या पदार्थाचे प्रमाण आरंभी ४०० होते आणि ६ तासांनंतर २०० झाले. १२ तासांनंतर ते किती असेल? पहिल्या नियमाने १००, दुसऱ्याने शून्य. दोन निरीक्षणे दोन्ही नियमांशी सारखीच जुळतात. तेव्हा निर्णय करावयाचा तर तिसरे निरीक्षण हवे, नाहीतर त्या ऱ्हासामागील प्रक्रियेचे ज्ञान हवे. गणित स्वतः होऊन ते पुरवीत नाही.

या विवेकाचे एक उत्तम उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नाणकशास्त्रीय संशोधनात आढळते. पुण्यास गणिताचे अध्यापन करीत असता त्यांनी तक्षशिलेच्या निधींतील चांदीच्या आहत नाण्यांच्या वजनांचा अभ्यास हाती घेतला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. ही झीज नाण्याच्या शिल्लक वजनावर अवलंबून नसते. ती हाताळणीच्या प्रमाणात होते, म्हणून कालाबरोबर सरासरी वजन सरळ रेषेने घटावे. त्याचबरोबर सर्व नाणी सारखी हाताळली जात नसल्यामुळे वजनांतील विखुरणही वाढत जावे. नाण्यांच्या मागील बाजूस वेळोवेळी उमटविलेल्या लहान खुणांची संख्या जसजशी वाढते, तसतसे सरासरी वजन घटत जाते, हे त्यांनी दाखविले आणि त्यावरून नाण्यांच्या गटांचा कालानुक्रम लावण्याची पद्धत सिद्ध केली. या पद्धतीचे सामर्थ्य कोणत्याही अवघड सूत्रात नाही. झीज कशामुळे होते याचा विचार आधी झाला आणि सूत्र मागाहून आले, यातच ते आहे.

३. गृहीताचा प्रश्न

नियम योग्य असूनही उत्तर चुकू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण भूविज्ञानात आहे. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन, यांनी १८६२ साली पृथ्वीचे वय काढले. आरंभी पृथ्वी सर्वत्र सारख्या तापमानाची होती व ती घनरूप राहून केवळ उष्णतावहनाने निवत गेली, असे त्यांनी मानले. या स्थितीत वय काढण्यासाठी आरंभीच्या तापमानाच्या वर्गास पाय, उष्णतेचा विसरणगुणांक आणि पृष्ठाजवळील तापमानवाढीच्या दराचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागावयाचे असते. आरंभीचे तापमान ३,९०० अंश सेल्सियस, विसरणगुणांक ०.०१२ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद आणि दर २७.४ मीटर खोलीस एक अंश तापमानवाढ असे धरले, तर उत्तर सुमारे ९.६ कोटी वर्षे येते. एककांची तपासणी केली तर अंश व लांबी परस्परांस छेदून केवळ सेकंद उरतात. म्हणजे मांडणी निर्दोष आहे. केल्विन यांचा स्वतःचा अंदाज ९.८ कोटी वर्षांचा होता, आणि आधारसामग्रीतील अनिश्चितता ध्यानात घेऊन त्यांनी २ ते ४० कोटी वर्षे अशी मर्यादा सांगितली होती. १८९७ साली त्यांनी ती २ ते ४ कोटी वर्षांपर्यंत खाली आणली. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

ही तफावत किरणोत्सर्गाच्या अज्ञानामुळे पडली असे सामान्यतः सांगितले जाते. ते पुरेसे नाही. केल्विन यांच्याच संख्या घेऊन एक साधा प्रश्न विचारता येतो : एवढ्या काळात थंडावा किती खोल पोचेल? विसरणगुणांक व काल यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की सुमारे ६० किलोमीटर असे उत्तर मिळते. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर आहे. याचा अर्थ असा की, या गणितात केवळ पृथ्वीची साल निवते. आतला प्रचंड उष्णतासाठा जवळजवळ अस्पर्शित राहतो. केल्विन यांचे एके काळचे साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ साली नेमके येथेच बोट ठेवले. आतील द्रव्याची हालचाल होऊन उष्णता वर येत असेल, तर पृष्ठाजवळील तापमानवाढीचा दर फार दीर्घ काळ टिकून राहील आणि पृथ्वीचे वय पुष्कळ पटींनी वाढेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. पेरी यांनी आकडेमोडीत दोष काढला नाही. गृहीत बदलून पाहिले. केल्विन यांची २ ते ४० कोटींची मर्यादा संख्यांतील अनिश्चितता दाखवीत होती. गृहीतातील अनिश्चितता तीत कोठेच नव्हती.

४. स्वातंत्र्याचा प्रश्न

शेवटचे उदाहरण विधिशास्त्रातील आहे, आणि तेथे चुकीची किंमत एका व्यक्तीला द्यावी लागली. १९९९ साली इंग्लंडात एका मातेस तिच्या दोन तान्ह्या मुलांच्या हत्येबद्दल दोषी ठरविण्यात आले. खटल्यात तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितले की, तशा कुटुंबात बालकाचा अकस्मात नैसर्गिक मृत्यू होण्याची संभाव्यता ८,५४३ मध्ये एक आहे. म्हणून दोन मृत्यूंची संभाव्यता या संख्येचा वर्ग करून सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक होय.

दोन संभाव्यतांचा गुणाकार दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच करता येतो. एकाच घरातील दोन भावंडांचे आनुवंशिक घटक व परिस्थिती समान असते. तेव्हा स्वातंत्र्याचे हे गृहीत सिद्ध केल्यावाचून धरता येत नाही. पहिल्या मृत्यूनंतर दुसऱ्याची संभाव्यता, केवळ उदाहरणादाखल, शंभरात एक एवढी वाढते असे मानले, तर उत्तर सुमारे साडेआठ लाखांत एक होते. म्हणजे जवळजवळ ८५ पट फरक पडतो. दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. दोन नैसर्गिक मृत्यू दुर्मिळ आहेत, एवढ्यावरून माता निर्दोष असण्याची संभाव्यता तितकीच अल्प ठरत नाही. मातेने दोन मुलांची हत्या करणे हेही अत्यंत दुर्मिळ आहे. तुलना या दोन दुर्मिळ शक्यतांमध्ये व्हावयास हवी होती. इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली या आकड्याच्या वापरावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ साली शिक्षा रद्द झाली. वैद्यकीय पुरावा उघड न केला जाणे हे त्याचे मुख्य कारण असले, तरी अपील न्यायालयाने संख्याशास्त्रीय पुराव्यावरही प्रतिकूल मत नोंदविले. तोपर्यंत त्या मातेची तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेली होती.

५. पडताळ्याची शिस्त

या चारही उदाहरणांत गुणाकार बरोबर होते. जे चुकले ते एक गुणक कोणत्या एककात आहे, राशी कोणत्या नियमाने बदलते, कोणती गोष्ट न सांगता मान्य केली आहे आणि काय कशाशी ताडून पाहावयाचे, या चार प्रश्नांपैकी कोणत्या ना कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात चुकले, किंवा कोसंबींच्या उदाहरणात ते उत्तर बरोबर मिळाले म्हणून साधले.

उत्तरातील अंकांची संख्या हाही याच शिस्तीचा भाग होय. वर आलेले कोळशाचे वय सूत्रातून २,३७८ वर्षे असे निघते. परंतु ७५ टक्के या मापनात एक टक्क्याची चूक संभवत असेल, तर वयात सुमारे ११० वर्षांचा फरक पडतो. शिवाय वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखे नव्हते, आणि त्यासाठी वृक्षांच्या वलयांवरून दुरुस्ती करावी लागते. अशा स्थितीत २,३७८ मधील शेवटचा आठ हा ज्ञानाचा नव्हे, यंत्राचा अंक आहे. ‘सुमारे २,४०० वर्षे, शंभरएक वर्षे इकडे-तिकडे’ हे उत्तर अधिक प्रामाणिक ठरते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून निघणारी सूचना साधी आहे. उत्तरपत्रिकेत अंतिम संख्येइतकेच महत्त्व दोन वाक्यांना दिले जावे : आरंभी, कोणते गृहीत धरले आहे ते सांगणारे एक वाक्य, आणि शेवटी, उत्तर शक्यतेच्या कोटीतील का वाटते ते सांगणारे एक वाक्य. आज यंत्रे आकडेमोड क्षणात करून देतात. त्यामुळे विद्यार्थ्याचे म्हणून जे काम उरते ते नेमके या दोन वाक्यांत सामावलेले आहे. रॉकेल पाण्यावर तरंगते हे गिम्लीच्या विमानात इंधन भरणाऱ्या प्रत्येकास माहीत होते. त्या माहितीचा समोरच्या संख्येशी संबंध जोडण्याची सवय मात्र तेथे कोणाच्या उपयोगी पडली नाही. ती सवय लावणे हेच संख्यात्मक शिक्षणाचे खरे प्रयोजन होय.