दारावरची रोकड आणि बक्षिशी

रात्रीं आठाच्या सुमारास पुण्यामुंबईच्या कोणत्याहि वस्तींत घटकाभर उभें राहिल्यास, पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून दुचाकीवरून लगबगीनें जाणारे तरुण दृष्टीस पडतात. स्विगी, झोमॅटो इत्यादि कंपन्यांच्या ॲपवर कोणी जेवण मागविलें, कीं उपाहारगृहांतून तें उचलून गिऱ्हाइकाच्या दारीं नेऊन देणें हें त्यांचें काम. पुष्कळ लोक आतां किंमत आधींच मोबाइलवरून चुकती करतात. तथापि दारांत रोख पैसे देणारीं कुटुंबें अजूनहि आहेत, आणि बक्षिशी तर कित्येकजण रोखच देतात. या देवघेवींत दोन अगदीं निराळ्या रकमा एकाच मुठींतून जातात, आणि घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे.

पहिली रक्कम जेवणाच्या किंमतीची. ती पोंचविणाऱ्याची नव्हे, कंपनीची. तो तिचा केवळ वाहक. त्याच्यापाशीं किती रोकड जमली हें ॲप त्याच्या नांवावर मांडून ठेवतें. ठराविक मर्यादेच्या वर रक्कम गेली, कीं तिचा भरणा करीपर्यंत रोखीचीं कामें त्याला मिळत नाहींत, आणि भरण्यांत तूट आली तर ती त्याच्याच कमाईंतून जाते. अंधाऱ्या जिन्यांत कोणीं बनावट नोट हातांत ठेवली, तर बँक ती जप्त करते व तिच्याबद्दल कांहींहि देत नाहीं. तो भुर्दंडहि त्याचाच. कंपन्या त्याला नोकर म्हणत नाहींत, 'पार्टनर' म्हणतात. भागीदारी कशांत आहे हें शोधावें लागेल. पेट्रोल, गाडीची दुरुस्ती आणि मोबाइल यांचा खर्च मात्र त्याच्या वांट्याला पुरता आलेला आहे.

समजा, बिल ३८७ रुपयांचें झालें आणि गिऱ्हाइकानें ५०० रुपयांची नोट पुढें केली. परत द्यावयाचे ११३ रुपये. संध्याकाळचें पहिलेंच काम असेल तर खिशांत मोड कोठून असणार? मग कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे हेलपाटा, तेथें नकार, पुन्हां जिना. ज्याची कमाई फेऱ्यांवर अवलंबून, त्याची तेवढ्यांत एखादी फेरी बुडते. गिऱ्हाईक कंटाळून 'राहूं दे' म्हणतें. पण मोड नसल्याचें हें निमित्तच होतें, असा संशय मनांत धरतें. उलट दुसरें एखादें गिऱ्हाईक ३८० रुपये हातावर ठेवून 'सात रुपयांचें काय एवढें?' असें म्हणून दार लावून घेतें. ॲपमध्यें ३८७ च लिहिलेले असतात. ते सात रुपये गरीब बिचारा पदरचे घालतो. एका रात्रींत तिघांनीं असें केलें, तर त्याच्या फेरीच्या मजुरीचा चांगलाच लचका तुटतो.

झोमॅटोनें २०२४ च्या ऑगस्टमध्यें अशी सोय केली कीं, रोख दिलेल्या रकमेपैकीं उरलेले पैसे गिऱ्हाइकाच्या ॲपमधील खात्यांत जमा व्हावे व पुढच्या खरेदीस उपयोगी पडावे. हेलपाटा वांचला हें चांगलेंच झालें. परंतु 'वरचे तुम्ही ठेवा' असें सहज म्हणण्याची जी जुनी रीत, तिला त्यामुळें वाव राहत नाहीं; बक्षिशी द्यावयाची तर ती आठवणीनें वेगळी काढावी लागते.

या दुसऱ्या रकमेला मराठींत शब्दांची वाण नाहीं. खुशाली, पोस्त, चिरीमिरी; प्रत्येकाची छटा निराळी. चिरीमिरींत लाचेचा वास येतो, खुशालींत देणाऱ्याचा आनंद दिसतो. पोस्त मुख्यतः दिवाळीचें. पोस्टमन, गुरखा, झाडूवाला यांच्या वर्षभराच्या सेवेबद्दल. मुंबईचे डबेवाले १८९० सालापासून घरचे डबे कचेऱ्यांत पोंचवीत आले आहेत. त्यांचा व्यवहार महिन्याच्या पैशांचा, आणि दिवाळीला एका महिन्याचे पैसे जादा देण्याची चाल. त्यांत ओळख असते. डबा नेणारा रोजचा, त्याचें नांवगांव ठाऊक. ॲपवरून येणारा मनुष्य आज एक, उद्यां दुसरा. त्याला दिवाळीपर्यंत थांबा म्हणतां येत नाहीं. द्यावयाचें तें त्याच दारांत, त्याच वेळीं.

मग ती बक्षिशी ॲपमधून द्यावी कीं हातांत? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु अमेरिकेंत तो सरकारी चौकशीपर्यंत गेला. तेथें उपाहारगृहांत बिलाच्या १५ ते २० टक्के बक्षिशी देणें हा जवळजवळ नियमच, आणि तोच पुढें घरपोंच जेवणालाहि लागूं झाला. डोअरडॅश नांवाची कंपनी २०१७ ते २०१९ या काळांत प्रत्येक फेरीला एक किमान रक्कम कबूल करीत असे. ती १० डॉलर असली आणि गिऱ्हाइकानें ॲपमधून ३ डॉलर बक्षिशी दिली, तर कंपनी आपले ७ च घाली; बक्षिशी दिली नाहीं तर पुरे १० घाली. देणाऱ्याला वाटे, आपण श्रम करणाऱ्याला दिलें. वस्तुतः त्यानें दिलें कंपनीला! हातांत ठेवलेले ३ डॉलर मात्र या हिशेबाच्या बाहेर राहत. ओरड झाल्यावर २०१९ मध्यें ही पद्धत सुटली, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलशीं झालेल्या तडजोडींत कंपनीनें १ कोटि ६७ लाख ५० हजार डॉलर देण्याचें मान्य केलें. ॲमेझॉनच्या फ्लेक्स सेवेंतील चालकांच्या अडवून ठेवलेल्या बक्षिशीबद्दल २०२१ मध्यें ६ कोटि १७ लाख डॉलरची तडजोड झाली, तीहि याच जातीची.

भारतांतील स्थिति निराळी आहे. झोमॅटोच्या तेव्हांच्या प्रमुखांनीं २०२६ च्या जानेवारींत जाहीर केलें कीं, ॲपमधील बक्षिशी कपातीवांचून पुरी पोंचते. परंतु ती शंभर फेऱ्यांपैकीं सुमारे पांचांनाच मिळते. म्हणजे येथें मुळांत देणारेच थोडे. म्हणून बक्षिशीवर कोणाचा संसार चालेल हें संभवत नाहीं, आणि चालूंहि नये. तो भार मजुरीचा आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें अशा कामगारांची कायद्यांत प्रथम व्याख्या केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली असून, कंपन्यांनीं उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठीं द्यावी अशी तींत तरतूद आहे.

दारांत उभें राहणाऱ्यानें मात्र एवढें करावें: किंमत नेमकी मोजून द्यावी, तो ॲपमध्यें नोंद करीपर्यंत थांबावें, आणि मग बक्षिशी वेगळी हातांत ठेवून 'हे तुमचे' असें तोंडानें सांगावें. न सांगितल्यास, हे पैसे चुकून जास्त आले कीं काय, अशा शंकेनें प्रामाणिक मुलगा ते परत करूं पाहतो. नोटांऐवजीं नाणीं दिलीं तर? कांहीं बाजारांत दुकानदार दहा रुपयांचें नाणें नाकारतात. त्यास आधार नाहीं. त्याचे चौदाहि नमुने ग्राह्य असल्याचें रिझर्व्ह बँकेनें २०१८ मध्यें स्पष्ट केलें, आणि २०११ च्या नाणे-कायद्याप्रमाणें रुपयाचीं व त्यावरचीं नाणीं १००० रुपयांपर्यंत देतां येतात. घरच्या डब्यांत पडून राहिलेलीं अशीं नाणीं किंमतींत देण्यास संकोच नको. पोंचविणाऱ्याला तीं हवींच असतात. पुढच्या दारीं त्याच्याकडे मोड मागितली जाणारच असते.