फवाऱ्याचे पाणी कुठे अडले?

बारामती एमआयडीसीच्या आसपास आता पुष्कळ कामगार बिऱ्हाड करून आहेत. नव्या खोल्यांत ओट्यावर भांडी धुण्याचे बेसिन असते. कुठे कुठे बेसिनच्या नळाला नळी जोडून पुढे फवारा बसवलेला असतो. खटका दाबावा आणि पाणी हवे तिकडे मारावे. खरकटी कढई चटकन निघते. सोय छान!

पण एके दिवशी खटका दाबला तरी पाणी नुसते ठिबकते. "अहो, फवारा गेला. नवा आणा," असे घरात ठरते. आम्ही म्हणतो, जरा थांबा. पाणी टाकीतून निघते, पाइपातून येते, नळीतून जाते आणि फवाऱ्यातून बाहेर पडते. वाटेत ते कुठे अडले, तेवढे शोधा. पैसे मग खर्चा.

पहिल्यांदा न्हाणीतला नळ सोडून बघा. तिथेही धार बारीक असेल तर फवाऱ्याचा दोष नाही. टाकीत पाणी कमी असेल, नाहीतर टाकीखालचा कॉक अर्धा बंद असेल. टाकीची उंचीही बघावी. पाणी १० मीटर उंचीवरून आले तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. बैठ्या घरावरची टाकी नळापासून जेमतेम २-३ मीटर उंच असते. तिथे दाब पाव किलोच्या आसपास. अशा घरात फवारा पहिल्या दिवसापासून मंदच चालणार. दहा फवारे बदलले तरी तेच!

न्हाणीत जोर आहे, बेसिनलाच नाही? मग ओट्याखाली वाकून बघा. तिथला छोटा कॉक धक्क्याने फिरला असेल. गॅसचे सिलिंडर नळीवर टेकले असेल, किंवा नळी दुमडली असेल.

नळाची धार चांगली आणि फवारा तेवढा रडका, असे असेल तर बहुधा रोग फवाऱ्याच्या तोंडाशी आहे. आपल्याकडे नीरा डावा कालवा बारामती, इंदापूर तालुक्यांतून जातो. त्या पाण्याबरोबर बारीक गाळ येतो. बोअरचे पाणी तर खडकातले क्षार घेऊन येते. साबण फेसाळत नाही, डाळ लवकर शिजत नाही, ते हे जड पाणी. फवाऱ्याच्या भोकांत राहिलेला थेंब वाळतो, क्षार मागे राहतो. रोज थोडा थोडा थर चढून भोके बुजतात. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर धरतो ना? तोच हा.

खालचा कॉक बंद करा. फवाऱ्याचे तोंड फिरवून काढा. पक्कड लावलीच तर फडके गुंडाळून लावा. आतली जाळी धुवा. मग तोंड तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. लिंबाचा रसही चालतो. बुडबुडे आले तर समजा, चुन्याचा थर सुटतो आहे. नंतर जुन्या दातांच्या ब्रशाने घासा.

मात्र संडास धुण्याचे ॲसिड इथे मुळीच वापरू नका. हात पोळतो, मुलामा उडतो. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. छाती कोंडते, जिवावर बेतते. आठ आण्यांच्या लिंबाचा काळ गेला हे खरे, पण दवाखान्यापेक्षा लिंबू स्वस्तच!

तोंड साफ झाले, तरी जोर नाही? तोंड काढून नळीचे टोक बादलीत धरा आणि पाणी सोडा. धार जोरात पडली तर फवाराच बदलावा. धार बारीक असेल तर नळी आतून तुंबली आहे, किंवा नळाचे पाणी फवाऱ्याकडे वळवणारा आतला भाग झिजला आहे. खटका दाबल्यावरही वरच्या नळातून पाणी पडतच राहिले तर हा भाग नक्की तपासावा. हे काम प्लंबरचे. त्याला आधीच नेमके सांगितले म्हणजे तो सगळा नळ उखडायला बसत नाही.

जोडापाशी पाणी गळत असेल तर बहुतेक वेळा रबरी वॉशर गेलेला असतो. दुकानात जाताना जुना वॉशर खिशात टाकून न्या, म्हणजे त्याच मापाचा मिळतो.